गालफुगी मधली वर्षं कुठे असते? चोपड्याकडच्या एका ताईंच्या प्रश्नाला जरा लांब उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला, अडीच हजार वस्तीच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवता. तुमच्या ७ वर्षांच्या मुलाला गालफुगी झाली आणि गेल्या तीन आठवड्यांत शाळेतल्या १७ पोरांचे गाल सुजलेत. मुलाच्या लसीकरण कार्डावर सगळे शिक्के आहेत, एकही डोस चुकवलेला नाही. गावात चार वर्षांपूर्वी अशीच साथ आली होती आणि मधे एकसुद्धा केस नव्हती. मग तुम्ही विचारलंय की हा रोग मधली वर्षं दडतो कुठे, विहिरीच्या पाण्यात असतो का, शाळा बंद ठेवायची का, आणि ४ वर्षांच्या धाकटीचं आणि मिस्टरांचं काय करायचं.

मी २३ वर्षं मुलं तपासतोय. पहिली काही वर्षं नंदुरबार जिल्ह्यात डोंगरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राला (पीएचसीला) होतो, आता अमळनेरला ओपीडी आहे. गालफुगीच्या साथी मी दोन्हीकडे बघितल्यात, डोंगरात आणि शहरात, आणि दोन्हीकडे तिची चाल वेगळी असते. तुमचे प्रश्न चार दिसतात पण मला वाटतं खरा प्रश्न तो पहिलाच आहे, "दडतो कुठे", कारण त्याचं उत्तर कळलं की शाळा, पाणी, लस हे सगळं आपोआप जागेवर बसतं. म्हणून त्याच्यावरच जास्त लिहितो.

तर उत्तर असं की तो दडत नाही, त्याला दडताच येत नाही. टायफॉइडचा जंतू माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं राहू शकतो. कांजिण्यांचा व्हायरस नसांमध्ये झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. रेबीज कुत्र्यात असतो, प्लेगला उंदीर असतो. गालफुगीच्या व्हायरसला यातलं काहीच नाहीये, तो निसर्गात फक्त माणसात राहतो, गुराढोरांत नाही, मातीत नाही, विहिरीत नाही, आणि ज्या माणसाला झाला त्याच्या अंगातूनही काही आठवड्यांत साफ निघून जातो, कायमचा घर करून बसत नाही. म्हणजे आज या घडीला पृथ्वीवर हा व्हायरस आहे याचा अर्थ तो आत्ता कोणाच्या तरी घशात, थुंकीत आहे, आणि त्याच्या आधी दुसऱ्या कोणाच्या होता, अशी एकाला लागून एक साखळी, कुठेच न तुटलेली. तुमच्या गावात ती चार वर्षांपूर्वी तुटली होती. दुसरीकडे कुठेतरी चालू होती, आणि तिथून ती परत आली.

ही साखळी किती लांब असते त्याचा हिशेब करून बघा. लागण झाल्यापासून गाल सुजेपर्यंत बहुतेक वेळा १६ ते १८ दिवस जातात, कधी १२ तर कधी २५ पण. म्हणजे एका पोराकडून दुसऱ्याकडे जायला ढोबळमानाने अडीच आठवडे. वर्षभर एखाद्या गावात टिकायचं असेल तर व्हायरसला एकामागून एक वीसेक कड्या लागतात, आणि मधे एकदा जरी त्याला कोरं पोर भेटलं नाही तर खेळ खलास. (कोरं म्हणजे ज्याला आधी गालफुगी झालेली नाही आणि तिची लसही मिळालेली नाही, मी ओपीडीत हाच शब्द वापरतो.)

आता तुमचं गाव घ्या. अडीच हजार वस्ती म्हणजे वर्षाला ४० च्या आसपास बाळं धरा. पहिलं वर्षभर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बऱ्यापैकी सांभाळते, त्यानंतर ती बाळं कोरी. चार वर्षांत दीडशे कोरी पोरं जमली. आपल्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग घालतात ना, तसा हा ढीग वाढत असतो आणि दिसत कोणालाच नाही, कारण सगळी पोरं धडधाकट हसतखेळत असतात. मग एक ठिणगी पडते. गालफुगीचा एक पेशंट, आजूबाजूला सगळेच कोरे असतील तर, साधारण ४ ते ७ जणांना रोग देतो (गोवर १२ ते १८ जणांना देतो, त्यामानाने ही सावकाश). पहिल्या फेरीत ४, दुसऱ्या फेरीत १५, तिसरीत ४०, आणि चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत दीडशेतली बहुतेक पोरं होऊन गेलेली असतात. पाच फेऱ्या म्हणजे तीन महिने. त्यानंतर व्हायरसला पुढचं घर सापडत नाही आणि गावातली साखळी तुटते. परत ढीग साठायला लागतो.

म्हणजे तुम्ही ज्याला "रोग गायब झाला" म्हणता ती वर्षं खरं तर पऱ्हाट्या साठण्याची असतात. लस यायच्या आधी जगात सगळीकडेच गालफुगीच्या साथी दर दोन ते पाच वर्षांनी यायच्या, हिवाळा-उन्हाळ्याच्या संधीला जास्त, त्याचं कारण हेच.

मला हे कॉलेजात शिकवलेलं होतं पण कळलं ते एका आश्रमशाळेत. डोंगरातली शाळा, तीनशेच्या वर मुलं, निवासी. होळीची सुट्टी संपवून मुलं परत आली त्यात एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता, त्याचे आईवडील ऊसतोडीला बारडोलीकडे गेलेले आणि तो सुट्टीत त्यांच्याकडे फडावर राहून आलेला. त्याचा गाल सुजला तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, गेरूचा लेप लावला आणि फडकं बांधलं. अठरा दिवसांनी सहा मुलं. मी गेलो तेव्हा हजेरीचं रजिस्टर मागून घेतलं आणि कोण कोणाशेजारी झोपतं, कोण कोणाच्या ताटात खातं ते विचारून पेन्सिलनं रेघा ओढल्या. सहापैकी चार त्याच हॉलमधली, एक त्याची चुलत बहीण आणि एक मुलगा असा होता की त्याचा कोणाशीच संबंध लागेना. मग मी पाण्याच्या टाकीकडे गेलो. टाकीला स्टीलचा एक ग्लास साखळीनं बांधलेला होता, चोरीला जाऊ नये म्हणून, आणि तीनशे मुलं त्याच ग्लासला तोंड लावून पाणी पीत होती. मी तिथे उभा राहून बघत होतो, एका मुलानं पाणी पिऊन ग्लास सोडला आणि तो साखळीला लटकून हलत असतानाच दुसऱ्यानं पकडला. पाण्यात काहीच दोष नव्हता, ग्लासच्या काठावर होता.

तुमच्या विहिरीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. विहिरीतून, नळातून, टँकरमधून गालफुगी पसरत नाही. ती थुंकीतून पसरते, खोकताना-बोलताना उडणाऱ्या थेंबांतून आणि उष्ट्यातून. आपल्याकडे पोरं पेरू, गोळी, बर्फाचा गोळा वाटून खातात, आणि उष्टं नको म्हणून शर्टाचं टोक धरून "चिमणीच्या दातानं" तोडतात. प्रेमाचं आहे सगळं, मीही लहानपणी असंच खाल्लंय, पण त्या कापडातून थुंकी आरपार जाते. तुमच्या वर्गात पेन्सिलचं टोक चोखणारी किती आहेत ते एकदा मोजा.

त्या आश्रमशाळेत मी ग्लास काढायला लावला, सुजलेल्या मुलांना वेगळी खोली दिली, आणि साथ अडीच-तीन महिन्यांत थांबली. तेव्हा मला वाटलं आपण थांबवली. नंतर रजिस्टर परत काढून मोजलं तर लक्षात आलं की लहान वर्गांतली कोरी पोरं जवळजवळ संपलीच होती. आमच्या उपायांनी वेग कमी झाला असेल, मोठ्या वर्गांतली थोडी मुलं वाचली असतील, पण आग विझली ती मुख्यतः जळण संपलं म्हणून. हे मनाला लागलं होतं, अजूनही साथ बघितली की ते रजिस्टर आठवतं.

छोट्या जागेत हा व्हायरस टिकत नाही याचं जगातलं एक प्रसिद्ध उदाहरण अलास्काजवळच्या सेंट लॉरेन्स बेटाचं आहे. १९५०च्या दशकात तिथे साडेपाचशेच्या आसपास लोक राहत होते आणि बहुतेकांनी गालफुगी कधी बघितलीच नव्हती. बाहेरून एकदा व्हायरस आला आणि जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना रोग झाला, त्यात म्हाताऱ्यांपर्यंत मोठी माणसं होती, कारण तिथे मोठी माणसंही कोरीच होती. मग साथ संपली, बेटावर राहायला व्हायरसला माणसंच उरली नाहीत.

आता तुमचं गाव बेट नाहीये, हाच तर मुद्दा. मग मधली वर्षं साखळी कुठे चालू असते? मोठ्या शहरांत. सुरत बघा, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांच्या वर होती, आता तर कितीतरी जास्त. तिथे दर महिन्याला हजारो बाळं जन्माला येतात आणि बाहेरून मजुरांची पोरं येत राहतात, म्हणजे ढीग रोज भरतोय, जळण कधी संपतच नाही, कुठल्या ना कुठल्या गल्लीत व्हायरस धुमसत राहतो. आणि सुरत आणि खानदेश म्हणजे एका रुळावरचे दोन टोकं. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, सुरत. आपल्या निम्म्या घरातलं कोणी ना कोणी सुरतच्या उधना-लिंबायत भागात राहतं. कानबाईच्या सणाला रोट खायला अख्खी भाऊबंदकी गावात येते, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी लेकरं घेऊन माहेरी येतात, उन्हाळ्यात लग्नसराई, होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. मी साथीतल्या पहिल्या एक-दोन पेशंटना नेहमी विचारतो की तीन आठवड्यांपूर्वी कुठे होता, घरी कोण आलं होतं, आणि बऱ्याच वेळा उत्तर लग्नाचं नाही तर सुरतच्या मामाचं असतं. तुमच्या गावात पहिलं पोर कोणतं होतं ते आठवून त्याच्या घरी विचारून बघा.

यात मजूर लोकांना किंवा सुरतवाल्यांना दोष द्यायचा नाहीये बरं का, हे मुद्दाम लिहितोय, कारण गावात लगेच "त्यांनी आणलं" सुरू होतं. ठिणगी कुठून ना कुठून पडणारच असते, ढीग आपल्या गावात असतो.

आणि एक गोष्ट, साखळी दिसत का नाही? कारण ज्यांना लागण होते त्यातल्या साधारण २० ते ३० टक्के लोकांचा गाल सुजतच नाही, काहीच होत नाही, आणि बऱ्याच लहान मुलांना नुसती सर्दी-खोकल्यासारखी कणकण येऊन जाते. पण ती पोरं दुसऱ्याला रोग देऊ शकतात. शिवाय ज्याचा गाल सुजणार आहे तो सुजायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच जोरात पसरवत असतो. म्हणून तुमच्या यादीत जे १७ आहेत ते दिसणारे १७. खरा आकडा जास्त असणार.

शाळा बंद करायची का, तर माझं मत नाही. सुजायच्या आधीच पोरानं पसरवलेलं असतं, आणि शाळा बंद केली की तीच पोरं मारुतीच्या पारावर दिवसभर एकत्र खेळतात, वर पोषण आहार बुडतो तो वेगळाच. ज्याचा गाल सुजला त्याला सुजल्याच्या दिवसापासून ५ दिवस घरी ठेवा, दोन्ही गाल आलटून पालटून सुजले तरी मोजणी पहिल्या सुजेपासून. दहा-पंधरा दिवस घरी बसवून अभ्यास बुडवायची गरज नाही. पाण्याला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि प्रत्येकाचा ग्लास घरून आणायला सांगा, नाहीतर वरून धार धरून ओंजळीनं प्यायला शिकवा, आपले जुने लोक तसंच प्यायचे. निवासी शाळा असती तर माझं उत्तर थोडं वेगळं असतं, तिथे वेगळी खोली लागतेच.

आता लसीचं. इथे तुमच्यासारख्या शिकलेल्या, काळजी घेणाऱ्या आईची फसगत होते आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या मुलाचं कार्ड परत उघडा. ९ महिन्यांना आणि दीड वर्षाला जे इंजेक्शन लिहिलंय ते "एमआर" आहे. एम म्हणजे मीझल्स, आपला गोवर, आर म्हणजे रुबेला. गालफुगीचा, म्हणजे मम्प्सचा, दुसरा एम त्यात नाहीये. तीन रोगांची लस ती एमएमआर, आणि ती आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आतापर्यंत घेतलेली नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून जी मोठी मोहीम झाली तीही गोवर-रुबेलाचीच. म्हणजे तुमच्या कार्डावरचे सगळे शिक्के खरे आहेत, सिस्टर आणि आशाताईंनी त्यांचं काम चोख केलंय, पण गालफुगीच्या बाबतीत तुमचा मुलगा कोराच होता. लस फेल गेली नाही, ती दिलेलीच नव्हती.

बालरोगतज्ज्ञांची देशाची संघटना ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं अशी एमएमआर द्यायला सांगते, पण ती खासगीत पैसे मोजून घ्यावी लागते. आपल्या पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट ही लस बनवते, कितीतरी देशांत पाठवते, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पोराला ती मिळत नाही.

सरकारनं का घेतली नाही, याचं उत्तर असं दिलं जातं की गालफुगीनं मुलं दगावत नाहीत, गोवरानं दगावतात, आणि रुबेलानं पोटातल्या बाळाला व्यंग येतं, तर पैसे आधी तिकडे. त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणंही असं की ज्या देशाला ८० टक्क्यांच्या वर मुलांपर्यंत लस सातत्याने पोचवता येते त्यांनीच गालफुगीची लस सुरू करावी. हे ८० टक्के का? इथे जरा थांबून समजून घ्या, कारण हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

समजा गावातल्या निम्म्याच पोरांना लस मिळाली. साथी संपत नाहीत, पण अंतर वाढतं, चार वर्षांऐवजी आठ-दहा वर्षांनी येते. वरून बरं वाटतं. पण ज्यांना लस मिळाली नाही ती पोरं लहानपणी व्हायरस न भेटताच मोठी होतात आणि त्यांची त्याच्याशी भेट होते ती सतराव्या-अठराव्या वर्षी. गालफुगी ७ व्या वर्षी झाली तर बहुतेक आठवड्यात बरी होते. वयात आलेल्या, लस नसलेल्या मुलाला झाली तर १० पैकी २-३ जणांचा अंडकोष सुजतो. पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, हे ठासून सांगतो कारण लोक घाबरतात, पण अंडकोष बारीक होऊ शकतो आणि दुखणं भयंकर असतं. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे पोलीस भरतीच्या अकॅडमीतला १९ वर्षांचा मुलगा आला, खरं तर त्याच्या लहान भावाला घेऊन आला होता गालासाठी. चालताना पाय फाकवून चालत होता. विचारलं तर काही बोलेना, भावाला बाहेर पाठवल्यावर सांगितलं की तीन दिवस झाले, लाजेनं कोणाला सांगितलं नाही, रोज सकाळी तसाच पाच किलोमीटर धावत होता. सर्जनकडे पाठवला, पीळ पडलेला नाही याची खात्री केली, बरा झाला. त्याच्या बॅरेकमध्ये चाळीस मुलं दाटीवाटीनं झोपत होती. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटसनं सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी थासोस बेटावरच्या साथीचं जे वर्णन लिहून ठेवलंय त्यातही कानापुढची सूज, तालमीत जाणारी तरुण पोरं आणि अंडकोषाचं दुखणं असंच आहे.

इंग्लंडमध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे एमएमआर १९८८ ला सुरू झाली. त्याच्या आधी काही वर्षं जन्मलेली पोरं लसीच्या वयातून निसटली, आणि लहान भावंडांना लस मिळाल्यानं व्हायरस कमी झाला म्हणून त्यांना लहानपणी रोगही झाला नाही. ती कॉलेजला गेली, होस्टेलला राहिली, आणि २००५ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये चाळीस हजारांच्या वर केसेस झाल्या, बहुतेक याच वयाच्या. जपानचं बघा, तिथे लसीतल्या व्हायरसच्या एका जुन्या स्ट्रेनमुळे (वाणामुळे) मेंदूज्वराच्या केसेस झाल्या म्हणून १९९३ मध्ये एमएमआर थांबवली, नंतर गालफुगीची लस ज्याला हवी तो घेईल अशी ठेवली. त्यानंतर बरीच वर्षं निम्म्याहून कमी मुलं ती घेत होती आणि दर चार-पाच वर्षांनी साथ येत राहिली, काही मुलांचा एक कान कायमचा गेला. फिनलंडनं उलट केलं, १९८२ पासून दोन डोस सगळ्यांना, गावागावात मागे लागून, आणि बारा वर्षांत स्थानिक गालफुगी संपवली.

आपल्याकडे खासगीत थोड्यांना लस आणि बाकी कोरे, ही मधली अवस्था आहे, आणि तीच मला काळजीची वाटते. त्यात कोविडची दोन वर्षं शाळा बंद राहिल्या, साखळ्या तुटल्या, ढीग मोठा झाला. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ मध्ये केरळपासून महाराष्ट्र-राजस्थानपर्यंत गालफुगीचा जो भडका उडाला त्यामागे माझ्या मते हेच आहे.

लसीबद्दल खोटी आशाही देणार नाही. एका डोसनं साधारण ७० ते ८० टक्के आणि दोन डोसनी ८५ ते ८८ टक्के संरक्षण मिळतं, गोवराच्या लसीइतकं नाही. आणि वर्षं जातात तसं ते कमी होत जातं, २०१८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज सरासरी २७ वर्षांचा आहे. न्यूयॉर्कमध्ये २००९-१० ला ज्यू धार्मिक शाळांत साडेतीन हजारांच्या आसपास केसेस झाल्या, सुरुवात इंग्लंडहून आलेल्या एका ११ वर्षांच्या मुलापासून, आणि बहुतेक मुलांना दोन्ही डोस दिलेले होते. ती मुलं टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर तोंड करून तासन्‌तास मोठ्यानं पाठांतर करायची. इतक्या जवळून इतका वेळ थुंकी उडाली की लसही कमी पडते. पण त्याच शाळांमधून ती साथ बाहेरच्या शहरात पेटली नाही, कारण बाहेर लोक लस घेतलेले होते आणि इतके चिकटून बसत नव्हते. लस घेतलेल्यांना रोग झाला तरी अंडकोष आणि मेंदूच्या तक्रारी कितीतरी कमी होतात.

आता तुमच्या घराचं. मुलाला होऊन गेली, त्याला आता गालफुगीच्या लसीची गरज नाही, पुन्हा होणं दुर्मिळ. "एकाच बाजूला झाली, दुसरी बाजू राहिलीय" असं आजी म्हणत असतील तर त्यांना सांगा की एका बाजूला झाली तरी प्रतिकारशक्ती पूर्ण येते. त्याला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मऊ खिचडी, आंबट काही नको, कारण चिंच-लिंबानं लाळ सुटते आणि गाल ठणकतो. अँटिबायोटिक लागत नाही. उलट्या आणि जोराचं डोकं दुखणं, मान ताठ होणं, पोटात वरच्या बाजूला कळ, यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि बरा झाल्यावर त्याच्या मामाला फोन लावून आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला लावून बोलायला सांगा. एक कान गेलेलं पोर काहीच तक्रार करत नाही, वर्षभरानं कोणाच्या तरी लक्षात येतं की हा फोन नेहमी डाव्याच कानाला का लावतो.

धाकटीला एमएमआर देऊन घ्या. तिला आत्ताच लागण झाली असेल तर ही लस ती थांबवणार नाही, पण अपायही करणार नाही, आणि नसेल झाली तर पुढच्या फेऱ्यांपासून वाचेल. तिला आधी फक्त एमआर मिळालीय, म्हणून दुसरा डोस कमीत कमी चार आठवड्यांनी, तुमच्या डॉक्टरांशी बोलून. मिस्टरांना लहानपणी झाली नव्हती असं तुम्हाला वाटत असेल, पण त्यांच्या पिढीत बऱ्याच जणांना न सुजता होऊन गेलेली असते. तरी खात्री नसेल तर मोठ्यांनाही एमएमआर देता येते. गरोदर बाईला मात्र ही लस द्यायची नाही, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत.

एक सावधगिरी. प्रत्येक सुजलेला गाल गालफुगी नसतो. गालफुगीची सूज कानाच्या पुढे-खाली असते, मागून बघितलं की कानाची पाळी वर आणि बाहेर उचललेली दिसते, जबड्याचा कोपरा बोटाला लागत नाही. पण मान बैलासारखी फुगली असेल, घशात राखाडी पांढरा पडदा असेल, पोर मलूल असेल तर तो घटसर्प असू शकतो, तिथे लेप नाही, वाट बघणं नाही, थेट मोठं हॉस्पिटल. "डाक्टर, पोऱ्याना गाल सुजी गया" म्हणून आलेल्या पोरात मी घटसर्प बघितलाय, म्हणून लिहितोय.

पीएचसीला लेखी कळवा, तोंडी नको, गावातल्या १७ केसेस एकत्र नोंदल्या गेल्या पाहिजेत, गालाच्या आतल्या स्वॅबची तपासणी एक-दोघांची तरी होऊ द्या. आणि वर्गात एक वही करा, नाव, वय, गाल सुजल्याची तारीख, तीन आठवड्यांपूर्वी घरी कोण आलं होतं, एमएमआर घेतली होती का. शेवटच्या पोराची जी तारीख येईल तिथून ५० दिवस मोजा, म्हणजे सगळ्यात लांब मुदतीच्या दोन फेऱ्या. त्यात नवीन कोणी सुजलं नाही तर गावातली साखळी तुटली असं धरा, आणि त्याच वहीच्या पुढच्या पानावर यंदा गावात जन्मलेल्या बाळांची नावं अंगणवाडीताईंकडून लिहून घ्या. पुढचा ढीग तिथून सुरू होतो. पालकसभेत ते पान वाचून दाखवा, एमआर आणि एमएमआरचा फरक फळ्यावर लिहून दाखवा. ती वही झाली की इथे टाका, मी बघतो.